कॉफीच्या गावात राहून आलोय. आपल्या घाटमाथ्यावर जमेल का? (आजरा, चंदगड, भुदरगड)

घाटमाथा

नमस्कार मंडळी.

आमचं गाव आजऱ्याहून आंबोलीकडं जाताना आत डोंगराला लागून. यंदा गणपतीत मंडळाच्या बैठकीत सगळा वेळ कॉफीवर गेला. कर्नाटकातल्या चिकमंगळूरकडचे व्हिडिओ फोनवर फिरतायत, भाववाढीच्या बातम्या येतायत आणि काही पोरं काजू काढून कॉफी लावायच्या तयारीत आहेत. मी कृषी पदविका झाल्यावर तिकडच्याच मुडिगेरे तालुक्यात एका मळ्यावर रायटर होतो. हजेरी, तोलणी, खतांचा साठा, पगारवाटप हे सगळं तिथं रायटरकडं असतं. मळा सोडल्यावर त्याच भागातल्या एका लहान गावात राहून छोट्या शेतकऱ्यांचं काम बघितलं. म्हणून जो भेटतो तो विचारतो, "काय रे, लावू का?" उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी ते गाव कसं असतं ते सांगतो, कारण आपल्या पोरांनी फक्त मोठ्या मळेवाल्यांचे बंगले बघितलेत. देशातल्या कॉफी शेतकऱ्यांत शंभरातले अठ्ठ्याण्णवहून जास्त लहान आहेत, दहा हेक्टरच्या आतले. मी राहिलो त्या गावात तर बहुतेकांकडं दोन ते पाच एकर. आपल्यासारखं दाट गावठाण नाही. एकेक घर आपापल्या बागेत, मधे ओढा, वर चढ. दुकान, दूध डेअरी, पहिली ते सातवीची शाळा आणि बसथांबा एवढंच एका वळणावर. जून लागला की पाऊस असा बसतो की वीज दोन-दोन दिवस नाही, झाड पडून रस्ता बंद, फोनला रेंज नाही. पायाला जळवा. हे सगळं आपल्या पश्चिम भागातल्या माणसाला नवं नाही.

नवं आहे ते मार्चचं. तिथल्या घराचं अख्खं वर्ष मार्चच्या एका पावसावर ठरतं. दोन-तीन महिने कोरडे गेल्यावर साधारण इंचभर पाऊस एका दमात पडायला लागतो. तो पडला की आठ-दहा दिवसांत सगळी बाग एकाच वेळी पांढरी होते आणि रात्री जुईसारखा वास घरात येतो. तीन-चार दिवसांचा खेळ. मग पंधरा-वीस दिवसांत दुसरा पाऊस यावा लागतो, तर फळ धरतं. नुसती भुरभुर झाली तर कळी अर्धवट उमलते आणि जाते. त्या दिवसांत कुणाच्याही घरी गेलं तरी पहिला प्रश्न एकच, तुमच्याकडं किती पडला? प्रत्येकाच्या अंगणात पाऊस मोजायचं नळकांडं असतं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहिलेले असतात. ज्यांच्याकडं तळं आणि स्प्रिंकलर आहे ते वाट बघत बसत नाहीत, पाणी मारून फूल काढतात. गावात खरा गरीब-श्रीमंत भेद मला तिथं दिसला.

मग डिसेंबरपासून तोडणी. मी रोज संध्याकाळी तोलणी करायचो. बायका पोती पाठीवर घेऊन खळ्यावर येतात, ताडपत्रीवर ओततात आणि बसून हिरवी, वाळकी फळं निवडून बाजूला काढतात. बोटं चिकट आणि काळी झालेली. मेस्त्री, म्हणजे मुकादम, हात घालून बघतो, लाल माल किती, हिरवा किती. मग काट्याला पोतं अडकवायचं, मी वहीत लिहायचं. मजुरी किलोवर. चांगली बाई दिवसाला जेवढं तोडते तेवढं गड्याला जमत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता या बायका गावातल्या राहिल्या नाहीत. आमच्या मळ्यावर मजुरांच्या खोल्यांच्या लाइनीत आसामची कुटुंबं होती, झारखंडची होती, उत्तर कर्नाटकातली होती. गावातली स्वतःची पोरं बंगळुरात.

भावाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका (कॉफीची एक जात, दुसरी रोबस्टा) पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली, हे खरं. पण तीच २००१ च्या शेवटाला ५० सेंटच्या खाली होती. त्या वर्षांत तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून फळ झाडावर ठेवलेल्या म्हाताऱ्यांनी मला ते दिवस सांगितलेत. आपल्या देशातली दोन-तृतीयांशाहून जास्त कॉफी बाहेर जाते. म्हणजे ब्राझीलमध्ये थंडीनं झाडं जळाली की मुडिगेऱ्यात मोटारसायकल येते, आणि व्हिएतनाममध्ये पीक जोरात आलं की कर्ज थकतं. ते गाव तगलं ते मिरीमुळं. सिल्व्हर ओकवर चढवलेली मिरी, कडेला सुपारी, फणस, दोन गाई. कॉफी पडली तेव्हा मिरीनं शाळेची फी भरली.

माझं मत आताच सांगून टाकतो. लावा, पण काजू तोडून नको, एकट्यानं नको आणि या वर्षीचा भाव बघून तर मुळीच नको. बाकी तुम्ही बोला. इथं जाणकार आहेत.

रानवेली_चंदगड

दादा, फार मनापासून लिहिलंय. तोलणीचं वाचताना आमचं काजूचं खळंच डोळ्यापुढं आलं.

मी बाईच्या बाजूनं विचारते. आमच्याकडं भात आणि नाचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकते. काजू फेब्रुवारीअखेर सुरू होऊन मेपर्यंत. मधले डिसेंबर-जानेवारी हाताला काम नसतं, म्हणून गडी उसाच्या ट्रॅक्टरवर जातात आणि बायका घरी. तुम्ही म्हणता ती तोडणी नेमकी त्याच मोकळ्या दिवसांत बसते. मग तिथल्यासारखी बाहेरची माणसं आणायची गरज आम्हाला पडू नये. घरटी एक एकर असेल तर सासू, सून आणि शेजारीण मिळून तोडतील. सावड आमच्याकडं अजून चालते.

पण मार्चचं पाणी! आमच्या विहिरी मार्चमध्ये तळाला जातात. वळीव येतो तो एप्रिल-मेमध्ये, तोही गारांसकट. त्याचं काय करायचं?

मृदगंध

रानवेलीताई, मुद्द्यावर बोट ठेवलंत. मी मृदाशास्त्रात काम करतो, दोन्हीकडचा भाग पायाखालचा आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

अरेबिकाला साधारण १००० ते १५०० मीटर उंची मानवते, रोबस्टाला ५०० ते १०००. आजरा-चंदगडची बहुतेक शेतं हजाराच्या खाली आहेत. तेव्हा आपल्यासाठी विचार रोबस्टाचा. अरेबिका खाली आणून लावली की पांढरा खोडकिडा तिला सोडत नाही. उन्हात उघडी पडलेली झाडं तर तो हुडकून काढतो. आत पोखरलेलं झाड उपटून जाळावं लागतं, दुसरा इलाज नाही. रोबस्टाला हा किडा जवळजवळ लागत नाही.

पण रोबस्टाची मुळं वरवर असतात, दुष्काळ तिला सोसत नाही आणि फुलासाठी तिला पाणी फेब्रुवारी-मार्चमध्येच हवं. मलनाडमध्ये, म्हणजे चिकमंगळूरकडच्या डोंगराळ भागात, या दिवसांत अवकाळी सरी येतात. आपल्याकडं भरवसा नाही. म्हणजे पाण्याची सोय नसेल तर रोपं जगतील, हिरवीगार दिसतील, पण फळ देणार नाहीत. घाटमाथा यांनी तळ्याचं लिहिलंय तेच शेवटी खरं. पण हे पाणी उसासारखं वर्षभर नको. एक मोठं पाणी आणि तीन आठवड्यांनी एक. शेततळं त्यासाठी पुरतं.

दुसरं म्हणजे पाऊस. गगनबावडा किंवा आंबोलीच्या ऐन धारेवर लावू नका. जुलैमध्ये महिनाभर ऊन दिसलं नाही की पानं आणि फळं काळी पडून सडतात, एकमेकांना बुरशीच्या जाळ्यानं लटकतात. मलनाडात त्याला कोळे रोग म्हणतात. धारेपासून थोडं पूर्वेला सरका. जांभ्याची जमीन निचऱ्याला उत्तम, पण आम्ल असते. माती तपासून चुना टाकावा लागेल.

आणि काजूखाली लावायचा विचार सोडा. काजूची सावली दाट, मुळं पसरट. कॉफीला गाळून आलेलं ऊन लागतं. फणस, पांगारा, सिल्व्हर ओक, उंबर अशी उंच झाडं असलेलं परडं निवडा. पांगाऱ्याच्या फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर रोवल्या की सावली लवकर तयार होते आणि त्याचा पाला खतही देतो.

गुरुजी_निवृत्त

सर्वांचे प्रतिसाद वाचले. समाधान वाटले.

आपल्या जिल्ह्यात हा विचार नवीन नाही, हे तरुणांना माहीत असावे. राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करवले होते. ज्या राजाने राधानगरीला धरण बांधायला घेतले आणि शाहूपुरीला गुळाची पेठ वसवली, त्याला डोंगराकडच्या रयतेसाठीही काही वेगळे पीक हवे होते. डोंगराकडची माणसे नुसत्या नाचणीवर किती दिवस काढणार, ही त्यांची काळजी होती.

मी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी भुदरगड तालुक्यात शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील मुंबईत गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि ते परत आले. काही काळ शाळेचा पट वाढला. नंतर ती मुले मोठी होऊन पुणे, गोवा, मुंबईला गेली. आज त्या शाळेत दोन शिक्षक आहेत आणि मुले बोटांवर मोजता येतील. म्हणून माझा प्रश्न घाटमाथा यांना असा की, कॉफी असूनही तिथली मुले बंगळुरात का गेली? भाव तर आपल्या नाचणीपेक्षा कितीतरी बरा होता.

घाटमाथा

गुरुजी, नमस्कार. हाच प्रश्न मी तिथं रोज बघत होतो.

माझ्या समजुतीप्रमाणं कारण असं. तिथं पोराला शेतात करायला काही निर्णयच उरत नाही. बाप फळ तोडतो, अंगणात वाळवतो, व्यापारी पिकअप घेऊन येतो. मूठभर चेरी, म्हणजे ते वाळलेलं फळ, सोलून आत बी किती निघतं ते बघतो, दर सांगतो, पोती भरतो. पन्नास किलो वाळलेल्या रोबस्टा चेरीतून साधारण पंचवीस-सव्वीस किलो बी निघतं. ते निघणं, निवडणं, प्रतवारी, भाजणं, पुडी, दुकान हे सगळं गावाबाहेर. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत तर सगळी कॉफी कॉफी बोर्डाच्या साठ्यातच घालावी लागायची आणि पैसे हप्त्याहप्त्यानं मिळायचे. आता बाजार मोकळा आहे, पण लहान शेतकरी अंगणातच थांबलाय. शिकलेल्या पोरानं अंगणात बसून काय करायचं?

ज्या दोन-तीन घरांतली पोरं राहिली, त्यांनी काहीतरी पुढचं हातात घेतलं होतं. एकानं छोटा पल्पर (फळाची साल काढायचं यंत्र) आणला, शेजारच्या दहा घरांचं लाल फळ तो विकत घेऊन धुऊन वाळवतो. एकानं रोपवाटिका टाकली. एका घरात सुनेनं पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्या, ती स्वतः स्वयंपाक करते, सासरा पाहुण्यांना बाग दाखवतो. घर तिच्या हिमतीवर चाललंय.

मलनाडची_सून

हा धागा बघून राहवलं नाही. माहेर कागल, सासर चिकमंगळूर जिल्ह्यात, कोप्प्याजवळ. घाटमाथादादांनी लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, पण मला दोन गोष्टी घालायच्या आहेत.

पहिली व्यापाऱ्याची. आमच्याकडं एक जण वर्षानुवर्षं येत होता, सासऱ्यांचा विश्वास. तो बी कमी निघतंय सांगायचा आणि त्यावर दर पाडायचा. मी नवीन होते. एका हंगामात मी त्याच ढिगातली चेरी मिक्सरच्या भांड्याएवढ्या डब्यात घेऊन हातानं सोलली, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर साल वेगळी, बी वेगळं तोललं आणि आकडा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं दर वाढवला. तेव्हापासून आमच्या वाडीतल्या बायका विकायच्या आधी घरी नमुना काढतात. ओलाव्याचं यंत्र बचत गटानं मिळून घेतलं. तुम्ही लावाल तेव्हा हे पहिल्या दिवसापासून करा.

दुसरी गोष्ट लग्नाची. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे इथंही तसंच आहे. मुलीचा बाप पाच एकर कॉफी विचारत नाही, बंगळुरात फ्लॅट आहे का विचारतो. मला मुलींचं चुकतं असं वाटत नाही. पावसाळ्यात बाळंतपणाच्या वेळी रस्ता बंद असतो, दवाखाना लांब, आणि सून म्हणून आलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतंच. माझं नाव लागलं, कारण मी धरून बसले. गावात पोरं राहावीत असं वाटत असेल तर आधी तिथं पोरी राहतील असं गाव करावं लागेल.

रानवेली_चंदगड

मलनाडची सून ताई, शंभर टक्के. हे बैठकीत वाचून दाखवणार आहे मी.

परळ_ते_गडहिंग्लज

मी परळला राहतो, आजोबा गिरणीत होते, गावी दोन एकर डोंगराची जमीन पडून आहे. मला खरंच परत यायचंय. कुणी आकड्यात सांगेल का? दोन एकर रोबस्टावर घर चालेल?

मृदगंध

आकड्यात सांगतो, पण भाव तुम्ही घाला, कारण तो कुणाच्या हातात नाही.

१० × १० फुटांवर लावली तर एकरी साधारण ४३५ झाडं. देशातली रोबस्टाची सरासरी हेक्टरी टनभर स्वच्छ बी धरा, म्हणजे एकरी चारशे किलोच्या आसपास. ही सरासरी जमलेल्या बागांची, जमलेल्या हवामानातली. आपल्याकडं नव्यानं करणाऱ्यानं अडीचशे-तीनशेच धरावेत. पहिली तीन-चार वर्षं हाती काही नाही. भरात यायला सहा-सात वर्षं. त्या काळात रोपं, सावली, कुंपण, शेततळं, खत, तण सगळं खिशातून.

म्हणून नोकरी सोडून कॉफीवर या, असं मी कुणाला सांगणार नाही. अर्ध्या एकरात कॉफी आणि मिरी, बाकीवर काजू, घनसाळ भात, जमलं तर मधाच्या पेट्या. रोबस्टाला परपरागीभवन लागतं, मधमाशी असली तर फळ चांगलं धरतं. आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन आहे, त्याचं चांगलं पीक घेणारा माणूस आजही गावात मान ठेवून राहतो. कॉफी त्याच्या जोडीला येऊ दे.

मातीतला_माणूस

सगळे उत्साहात आहात, पण मला काळजी वाटते म्हणून विरोधात लिहितोय.

आधी उसानं पाणी खाल्लं. मग काजूसाठी डोंगर जाळून साफ केले. आता कॉफीसाठी उरलेलं रान साफ करणार? राधानगरीचं अभयारण्य जागतिक वारसा यादीत आहे, शेजारच्या तालुक्यांत गवे रोज शेतात. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आले ते चंदगड-आजऱ्यात अजून फिरतायत. माझ्या चुलत्यांची केळी आणि नारळ एका रात्रीत गेले. पंचनामा झाला, भरपाई हातात पडायला किती खेटे घातले ते विचारू नका. त्यात तुम्ही फणसाच्या सावलीत बागा वाढवणार. हत्ती फणसालाच येतो.

घाटमाथा

मातीतला माणूस, तुमच्या चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. हत्तीचं तुम्ही बरोबर लिहिलंय. मुडिगेरे आणि सकलेशपूर भागात हत्ती बागेत येतात ते फणसासाठीच, कॉफी खात नाहीत पण वाटेतली झाडं मोडतात, आणि पहाटे तोडणीला निघालेल्या माणसांचे जीव गेलेत. तिथले शेतकरी फणस कोवळे असतानाच उतरवतात. त्यानं हत्ती यायचे थांबत नाहीत, पण रेंगाळत नाहीत. हत्तीच्या रोजच्या वाटेवर कुणाचं शेत असेल तर मी त्याला लावू नको म्हणून सांगेन.

पण रानाबाबत माझा अनुभव उलटा आहे. डोंगर उघडा करून लावलेली कॉफी टिकत नाही. मी राहायचो त्या बागेत उंबर होता, रानफणस होता, जांभूळ होतं, आणि गड्यांना फांद्या छाटायला लावताना मालक प्रत्येक झाडाखाली उभं राहून सांगायचा, ही ठेव, ती काढ. सावलीचं झाड तोडणं तिथं भांडणाचं कारण होतं. बाबा बुडन यांनी १६७० च्या सुमारास येमेनमधल्या मोख्याहून सात बिया आणून चंद्रगिरीच्या डोंगरावर लावल्याची गोष्ट तिथला प्रत्येक म्हातारा सांगतो. त्या डोंगरात आज इतक्या काळानंतरही रान शिल्लक आहे, ते सावलीच्या गरजेमुळं. आपल्याकडं रान तोडून नव्हे, घरामागच्या आहे त्या झाडांखाली लावा, एवढंच माझं म्हणणं.

मातीतला_माणूस

परड्यापुरतं असेल तर माझी हरकत नाही. पण हे बैठकीच्या वहीत लिहून घ्या. एकानं जेसीबी लावला की दुसरा लावतो.

शाहूपुरीकर

उशिरा आलो. आमचं घराणं गुळाच्या अडतीचं, मी गेली काही वर्षं कोल्हापुरात कॉफी भाजून विकतो. बी मी चिकमंगळूर आणि कोडगूहून घेतो.

विकणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. कोल्हापूर अजून चहाचं गाव आहे, पण कॉलेजच्या पोरांत कॉफी वाढलीय आणि महामार्गावरच्या हॉटेलांत फिल्टर कॉफी खपते. आपल्या जिल्ह्यातलं बी मिळालं तर मी नक्की घेईन, आणि पुडीवर तालुक्याचं नाव टाकीन. पण मला तीन गोष्टी लागतात. फळ लाल असतानाच तोडलेलं, मातीवर न वाळवलेलं, आणि ओलावा दहा-साडेदहा टक्के. हिरवं-लाल एकत्र ओरबाडलेला माल कितीही स्वस्त दिला तरी मी भाजणार नाही. कपात तुरटपणा येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

आणि पाच घरांचे पाच प्रकारचे नमुने नकोत. एका जागी धुतलेला, एका जागी वाळवलेला एकच माल द्या. गुळाचं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. ज्या गुऱ्हाळाचा माल दरवर्षी सारखा, त्याला सौद्यात बोली वर जाते.

मृदगंध

शाहूपुरीकरांच्या म्हणण्याला एक उदाहरण जोडतो. आंध्रातलं अराकू खोरं. तिथं आदिवासी कुटुंबांकडं एक-दोन एकर, पारंपरिक मळेवाल्यांची परंपरा नाही, सिल्व्हर ओकखाली अरेबिका आणि मिरी. एकेकट्यानं विकत होते तोवर दलालाच्या दरावर. सहकारी संस्था झाली, लाल फळ गावातून गोळा करून एका ठिकाणी धुवायला लागले आणि प्रतवारी नीट होऊ लागली. २०१७ मध्ये त्या कॉफीचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कोडगू, चिकमंगळूर, बाबाबुडनगिरी आणि वायनाडबरोबर.

आता हे काम कुणाला यायला हवं? रोज पहाटे गावागावातून दूध गोळा करून, फॅट लावून, दहा दिवसांनी बिल देणाऱ्या जिल्ह्याला. लाल फळही तोडल्या दिवशीच पल्परला गेलं पाहिजे, नाहीतर आंबतं. दूध संस्थेच्या सचिवाला जे कळतं तेच इथं लागतं.

अमरावतीकर

आमच्या चिखलदऱ्यातही कॉफीची झाडं आहेत, इंग्रजांच्या काळापासून. उंची अकराशे मीटरच्या आसपास. पर्यटक येतात, फोटो काढतात. पण मेळघाटातल्या कोरकू माणसाच्या घरात त्यातून किती गेलं, हे विचारलं की कुणी बोलत नाही. झाड जगलं म्हणून गाव जगतं असं नाही, एवढं लक्षात असू द्या. तुमच्याकडं चर्चा तरी चाललीय, ते बघून बरं वाटलं.

परळ_ते_गडहिंग्लज

मृदगंध सर, घाटमाथादादा, तुमचं वाचून नोकरी सोडायचं डोक्यातून काढलं. पण अर्धा एकर करणार. दिवाळीत गावी आलो की शेततळ्याची जागा बघायला कुणी येईल का? आणि रोपं कधी, कुठून?

मलनाडची_सून

परळच्या भावा, घाई नको. बियाण्यासाठी कॉफी बोर्डाकडं आगाऊ मागणी नोंदवावी लागते. बी फार दिवस टिकत नाही, म्हणून मिळालं की लगेच टाकायचं. डिसेंबर-जानेवारीत वाफ्यावर टाकतात, उगवायला दीड महिना. दोन पानांवर आलं की पिशवीत. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला शेतात. म्हणजे हे पहिलं वर्ष तुझं सावलीचं आणि पाण्याचं. पांगारा रोव, खड्डे काढून ठेव, चुना टाक. मिरीची कलमंही त्याच वेळी, मिरीला चढायला झाड लागतं ते आधी उभं पाहिजे.

आणि खात्री नसलेल्या रोपवाटिकेतून ट्रकभर रोपं उचलू नकोस. मुळाला गाठी असलेली रोपं आली की ती कीड तुझ्या जमिनीत कायमची.

घाटमाथा

दिवाळीनंतरच्या रविवारी मी गडहिंग्लजकडं येणार आहे, येतो जागा बघायला. मृदगंध सर, तुम्हाला जमत असेल तर मातीचे नमुने काढायची पिशवी घेऊन या.

आमच्या गावची बैठक काल झाली. रानवेलीताई आल्या होत्या, त्यांनी मलनाडच्या सुनेचं पत्र वाचून दाखवलं. सात घरांनी नावं दिली. त्यातली तीन बायकांच्या नावावर, आणि जिथं बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही तिथं तलाठ्याकडं अर्ज आधी करायचा असं ठरलं. प्रत्येकी दहा गुंठे, परड्यातच. जेसीबी नाही, हे वहीत लिहिलंय आणि सह्या घेतल्यात. पहिल्या वर्षी फक्त एक काम: येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सातही विहिरींचं पाणी दर आठवड्याला दोरीनं मोजायचं आणि अंगणात पाऊस मोजायचं भांडं लावायचं. ते आकडे बघून मग बियाण्याची मागणी.

शाहूपुरीकर, लाल फळ म्हणजे नेमकं किती लाल, हे आमच्या बायकांना दाखवायला तुमच्याकडं फोटो असतील तर इथं टाका.

शाहूपुरीकर

टाकतो. फोटोपेक्षा बरं, जानेवारीत मी चिकमंगळूरला माल घ्यायला जाणार आहे. गाडीत चार जणांची जागा आहे. बायकांना पाठवत असाल तर आधी त्यांना, मग गडी.